युना हिंड्सच्या घराखालचा वारा

आमच्या जॉर्जटाऊनमध्ये भरतीचा समुद्र अंगणापेक्षा उंच असतो. म्हणून तर लाकडी घर खांबांवर उभं करायचं आणि खालची जागा मोकळी सोडायची. वाऱ्याने तळ सुकला नाही तर घर टिकेल कसं? हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. कळत नाही ते परदेशातून शहाणे होऊन आलेल्यांना!

युना हिंड्स माझी शेजारीण. आमच्या नाटक कंपनीचे सगळे पोशाख तिने शिवले, ते तिच्या घराखालच्या सावलीत. तिथे तिचं शिलाई यंत्र, कापडाचे तागे, पडायला टांगलेली एक झोळी आणि गप्पांना जमलेली अर्धी गल्ली. तिच्या हातचा राणीचा झगा अंगावर चढला, की निम्मी भूमिका मी तिथेच जिंकलेली असे.

तिचा मुलगा विन्स्लो टोरंटोहून आला आणि चोरांच्या भीतीने घराखाली चारी बाजूंनी भिंती घालून गेला. एक झरोकासुद्धा ठेवला नाही. पावसाळ्यात अंगणातला पाण्याचा चर तुंबला, पाणी आत शिरलं आणि तिथेच कुजत बसलं. तुळयांवर बुरशी चढली, तागे काळे पडले, वरच्या फळ्या पायाखाली दबू लागल्या. युनाचा खोकला थांबेना. आणि चिरंजीव फोनवर काय म्हणतात?

"मम्मी, घर म्हातारं झालंय. विकून टाकू. गिऱ्हाईक बघितलंय मी."

माझं डोकंच फिरलं. तोंडावर उशी दाबायची आणि वर म्हणायचं, हिला श्वास पुरत नाही!

"युना, ऐकून घेतलंस तू?"

"घेतलं. आता गवंडी शोध, बाई."

समुद्राकडची भिंत आधी पाडली, मग तिच्या समोरची. वारा आरपार धावला. चर उपसून पाण्याला वाट दिली, बुरशी घासून काढली, कुजलेली एक तुळई बदलली. फळ्या सुकल्या, खोकला ओसरला.

विन्स्लो गिऱ्हाइकाला घेऊन आला तो फाटकातूनच ओरडला, "मम्मी, हे काय! चोर येतील ना!"

"चोर येऊन गेला रे राजा. माझा वारा घेऊन गेला. तूच तर बोलावलंस त्याला!"

गिऱ्हाइकाने तुळयांना चाकू टोचून पाहिला. "घर खणखणीत आहे. मी आजच घेतो."

"खणखणीत आहे ना?" युना लेकाकडे वळली. "मग विकायचं कशाला?"

गिऱ्हाईक वाटेला लागलं. उरलेल्या दोन भिंती पाडूनच विन्स्लो टोरंटोला परत गेला. पण 'चुकलं माझं' एवढं काही त्याच्या तोंडून निघालं नाही!