छातीवरची खोटी पट्टी

मंडळी, जखम दिसली नाही की आजारपण खरं वाटत नाही, असं तुमचंही होतं का? माझं आज सकाळी झालं.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस माझे वडील, नाना, सातपूरला कारखान्यात होते. त्यांच्या हृदयाची झडप आवळली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी मांडीच्या शिरेतून नळी घालून फुग्यानं ती मोकळी केली. छातीवर ओरखडासुद्धा नाही!

नामपूरहून काका भेटायला आले आणि नानांच्या छातीवर टाके शोधू लागले. "टाका कोठे शे? मंग कसानं ऑपरेशन?" म्हणत त्यांनी स्वतः आणलेली कांद्याची गोणी उचलायला नानांनाच बोलावलं. नाना भिडस्त, उठलेसुद्धा. आईनं अडवलं.

दुसऱ्या दिवसापासून पाहुणे आले की आई नानांच्या छातीला जुन्या धोतराची पट्टी बांधायची. मग सगळे हळू बोलायचे, "पडून राहा" म्हणायचे. आम्ही पोरं आत जाऊन हसायचो.

परवा आईच्या हृदयात मनगटातून स्टेंट बसवला. काल घरी आलो. आज ऑफिसच्या घाईत मी सहज म्हणाले, "आई, तेवढी कणीक मळतेस का?"

ती उठली. स्वयंपाकघराच्या दारात थांबली आणि शांतपणे म्हणाली, "मीपण छातीला पट्टी बांधू का गं?"