बायजाबाईने अडवलेली धाव

वडप्याच्या बायजाबाईबद्दल लिहायला बसले की मला आधी राग येतो. मी तिथल्या शाळेत शिकवते, राग गिळायची सवय आहे. पण हा काही गिळवत नाही.

एकोणीस वर्षांची असताना तिला हळद लागली आणि दुसऱ्याच दिवशी ठाण्याला मॅरेथॉन होती. हळद लागलेल्या मुलीने लग्न लागेपर्यंत गावची वेस ओलांडायची नाही, हा इथला रिवाज. बाई पहाटे मागच्या दाराने सटकली, पिवळ्या हातापायांनी बेचाळीस किलोमीटर धावली आणि तिसरी आली. आसपासच्या गावांतून मॅरेथॉन धावलेली ती पहिली बाई. सात महिन्यांनी तिचा नवरा हायवेवर ट्रकखाली गेला. सासरच्यांना कारण शोधायला फार वेळ लागला नाही. त्यांनी तिला माहेरी, भाऊ नामाकडे, आणून सोडलं.

तरी ती धावली. गोडाऊनमध्ये दिवसभर खोकी उचलायची आणि शिफ्ट सुटली की हायवेच्या कडेने धावायची. बायका 'हीच ती' म्हणून कुजबुजत, ही ढुंकून बघत नसे. मला वाटायचं, हिने ते सगळं कधीच झटकून टाकलंय. एवढी वर्षं मुलांना शिकवून मला माणूस मात्र ओळखता आला नाही.

गुडघे गेल्यावर तिने नामाच्या मुलीला, रीमाला, तयार करायला घेतलं. सहा वर्षं घासलं पोरीला. रीमा आत्यापेक्षा वेगवान निघाली. राज्याच्या संघाची निवड चाचणी लागली. वयाच्या अटीमुळे रीमाची ही शेवटची संधी होती. तारीख पुढे ढकलत ढकलत नेमकी तिच्या हळदीच्या दुसऱ्या दिवशी येऊन बसली.

त्या सकाळी मी रिक्षा घेऊन दारात गेले. रीमा बूट घालून तयार. होणारा नवरा, विपुल, फोनवर म्हणाला होता, "जा ना, काय फरक पडतो?" नामा म्हणाला, "बायजा बोलंल तसं." माझा जीव भांड्यात पडला. बायजाबाई नाही कशी म्हणेल?

ती उंबऱ्यात बसली होती. "जायाचं न्हाय," ती म्हणाली.

"आत्ये, तूच गेली होतीस ना?"

"म्हनून सांगते. उद्या इपुलला काय झालं तर लोकं काय बोलतील, त्याचं न्हाय गो. तू सोताला काय बोलशील, ते मला ठावं हाय."

मी खूप बोलले, नको ते बोलले. रीमा रडली नाही. खाली बसून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या.

विपुल आज ठणठणीत आहे. रीमा कामतघरच्या चाळीत राहते, यंत्रमागावरच्या कामगारांचे डबे करते, पुन्हा कधी धावली नाही. बायजाबाई तिच्या दारात जात नाही.

यंदा महिला दिनाला शाळेने बायजाबाईचा सत्कार केला. माइकवर मी म्हणाले, "आपल्या गावातली पहिली मॅरेथॉन धावपटू." शाल, नारळ सांभाळत तिने माइक मागितला.

"पयली नका म्हनू, बाई," ती म्हणाली. "माझ्यामागं दुसरी येत व्हती. तिला मीच अडवली."

भाषण संपलं की टाळ्या वाजवायच्या, असं मी मुलींना बजावलं होतं. त्यांनी वाजवल्या.