भिंतीसकट ताई

काटकोनबाईंना राग पटकन येई हे खरं, पण आलेला राग त्या कधी वाया घालवत नसत, हेही तितकंच खरं. उभा जन्म शाळेत गणित शिकवलं. चालणं ताठ, बोलणं ताठ, फळ्यावर पट्टी न धरता मारलेली रेघसुद्धा ताठ, म्हणून पोरांनी ठेवलेलं हे नाव. बाई निवृत्त झाल्या, नाव मात्र नोकरीवरच राहिलं. घरात थोरली बहीण होती. चिडवायचं असलं की तीही "काय गं काटकोन" अशीच हाक मारायची.

ही ताई टेलिफोन ऑपरेटर होती. सगळं गाव तिला आवाजाने ओळखायचं आणि रस्त्यात समोर आली तर कुणी ओळखायचं नाही. तिला ते फार आवडायचं. मग एका सकाळी उठली तर चेहऱ्याची डावी बाजू वारं गेल्यासारखी लुळी. पुढे बरीच सुधारली, पण तोंडाचा एक कोपरा खाली ओघळलेला राहिला तो राहिलाच. लोक बोलताना त्या कोपऱ्याशी बोलायला लागले. ताईने समारंभ सोडले, लग्नकार्यं सोडली, आणि फोटोला तर ती उभीच राहीना. "ज्याला माझ्याशी बोलायचंय त्याने फोन करावा," म्हणायची. तिने लग्न केलंच नव्हतं. बाईंचे यजमान गेल्यावर दोघी एकाच घरात राहायला लागल्या, आणि रेडिओ कुणाचा या एका विषयावर रोज भांडायला लागल्या.

निवृत्तीनंतर माणसं गुडघे आणि नातवंडं सांभाळतात. बाईंचे गुडघे शाबूत होते आणि नातवंडं दूर. त्यांनी कॅमेरा घेतला. वाचनालयाच्या माडीवर दर रविवारी एक छायाचित्र मंडळ भरायचं, त्यात नाव घातलं. मंडळाचे अध्यक्ष दंतवैद्य होते. माणूस वाईट नव्हता. गोड बोलणारा, हसताना स्वतःच्या धंद्याची जाहिरात करणारा. पण एकदा एखादी गोष्ट किडकी ठरवली की उपटून मोकळा होणारा.

पहिल्याच रविवारी डॉक्टरांनी फळ्यावर एक चौकट काढली. तिचे उभे तीन भाग, आडवे तीन भाग. "महत्त्वाची वस्तू कुठे ठेवायची? जिथे या रेघा एकमेकींना छेदतात तिथे."

"का?" बाईंनी विचारलं.

"म्हणजे चित्र छान दिसतं."

"का छान दिसतं?"

"बाई, नियम आहे तो."

झालं! ज्या बाईने सातवीतल्या पोरालासुद्धा सिद्धता दिल्याशिवाय सूत्र दिलं नाही, तिला हा माणूस सांगतो, नियम आहे. बाई जिना उतरून खाली वाचनालयात गेल्या आणि त्यांनी छायाचित्रकारांची पुस्तकं मागितली. ग्रंथपालाने धूळ झटकत चार-पाच ठोकळे पुढे केले. "ही कुणी नेत नाही हो. जड आहेत."

"डोकं वापरायला लावतात म्हणून जड वाटत असतील," बाई म्हणाल्या आणि घेऊन घरी आल्या.

आता छायाचित्रं कशी बघायची हे बाईंना कुठे ठाऊक होतं? त्यांना पेपर तपासायचे कसे ते ठाऊक होतं. त्यांनी प्रत्येक फोटोवर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिलीने नुसत्या रेषा उतरवल्या. मग पट्टी. मग कोनमापक. कुठली रेषा कुठून निघते, कुठल्या कोपऱ्याला जाऊन भिडते. जेवणाच्या टेबलावर ताटाला जागा उरली नाही.

ताईने डोकावून पाहिलं. "नापास किती?"

"निम्मे. डॉक्टरांच्या नियमाने तपासलं तर एवढे मोठे लोक, आणि निम्मे नापास!"

"मग पेपर सेट करणारा गाढव असेल."

हे बाईंना पटलं. त्यांनी पट्टी ठेवून दिली आणि नुसतं बघायला सुरुवात केली. हे काम पट्टीपेक्षा कठीण निघालं. एक छायाचित्रकार बाई आयुष्यभर फक्त जिन्यांचे फोटो काढत होती. पुस्तक उलटं धरलं की जिना नाहीसा व्हायचा आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची लय तेवढी उरायची. एक गृहस्थ गिरण्यांची धुराडी टिपायचा. डोळे किलकिले करून पाहिलं की तिथे धूर नसायचा, करडा रंग काळ्याला कसा टेकतो ते दिसायचं. म्हातारीच्या हाताची कातडी आणि नांगरलेली जमीन यांचा पोत एकच, हे तिसऱ्याने दाखवलं. काय आहे हे विसरा, म्हणजे कसं आहे ते दिसेल. एवढी साधी गोष्ट, आणि रविवारमागून रविवार कुणी सांगितली नव्हती. बाई चरफडल्या.

पण त्यांना सगळ्यात छळलं एका भिंतीवाल्याने. या माणसाच्या फोटोत माणसं मुंगीएवढी, पार कडेला, जाता जाता चुकून आत आल्यासारखी. आणि बाकी सगळी भिंत. बाईंना आधी वाटलं, छपाईत चूक आहे. मग त्यांनी मोकळी भिंत तळहाताने झाकली. चित्र मेलं. माणूस तोच, उजेड तोच, पण तो बिचारा एकदम कोंडल्यासारखा दिसायला लागला. हात काढला, त्याला पुन्हा श्वास आला. झाकला, गेला. काढला, आला. बाई कितीतरी वेळ लहान पोरासारख्या तेच करत बसल्या.

"ताई, इकडे ये. रिकामी जागा रिकामी नसते गं!"

"हे सांगायला पुस्तक लागतं? फोनवर माणूस गप्प झाला की तो काय म्हणतोय ते मला बरोब्बर कळायचं."

वर्षअखेरीस मंडळाचं प्रदर्शन होतं. बाईंना ताईचा फोटो हवा होता. ताई नाही म्हणाली, मग हट्! म्हणाली, मग दोन दिवस बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाली, "मी कडेला बसेन. मधे ओढायचं नाही मला. लोकांना माझ्या तोंडाकडे बघत बसायला लावायचं नाही. कबूल?"

"कबूल. शब्द."

बाईंनी तो पाळला. मधल्या खोलीची मोठी भिंत, तिच्यावर खिडकीच्या गजांच्या तिरक्या सावल्या, एका टोकाकडून निघून दुसऱ्या टोकाला खुर्चीच्या पायाशी येऊन थांबणाऱ्या. त्या खुर्चीत, अगदी कडेला, ताई. कान रेडिओला लावलेला, रेडिओवर शेवटची षटकं, आणि तोंडाचा तो ओघळलेला कोपरा हसताना आणखीच वाकडा झालेला. एवढ्या उजेडात तो कोपरा म्हणजे एक छोटीशी सावली, बस्स. ताईने फोटो बघितला, पुन्हा बघितला. "चालेल," म्हणाली. आणि मग अशी गोष्ट म्हणाली की बाईंनी दोनदा विचारून खात्री करून घेतली: "उद्घाटनाला मी पण येईन."

बाईंनी छान आडवा लांबलचक फोटो छापून घेतला, मागे नाव लिहिलं, 'ताई मॅच ऐकते आहे', आणि मंडळात नेऊन दिला.

उद्घाटनाच्या दिवशी ताईने इस्त्रीचे कपडे घातले, केस दोनदा विंचरले. वाचनालयाचा जिना चढताना बाईंचा दंड घट्ट धरला होता. माडीवर बरीच गर्दी होती. दाराशीच डॉक्टरांचा स्वतःचा सूर्यास्त, सूर्य नियमानुसार रेघांच्या बरोब्बर छेदावर. त्याच्या शेजारी ताई.

म्हणजे ताईचं तोंड. भिंत गेली, सावल्या गेल्या, रेडिओसुद्धा अर्धा गेला. चौकटीत कोंबलेली एकटी ताई आणि नजरेत भरणारा तो वाकडा कोपरा. खाली सुबक अक्षरात पाटी: 'एकाकी वार्धक्य'.

पुढे दोन बायका उभ्या होत्या. एक म्हणाली, "बघवत नाही गं."

"मुलं बघत नसतील," दुसरी म्हणाली.

"मुलंच नाहीत, तर बघणार कुठून?" मागून ताई तिच्या टेलिफोनच्या आवाजात म्हणाली. बायका वळल्या, फोटोकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं, आणि चहाच्या टेबलाकडे निघून गेल्या.

मग ताई हळूच म्हणाली, "ही कोण गं बिचारी?"

हे ऐकलं आणि बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांशी हसत बोलणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी मधेच गाठलं.

"डॉक्टर, माझी भिंत कुठे आहे?"

"बाई! पाहिलात? किती उठाव आलाय! नजर थेट चेहऱ्यावर जाते."

"ती जाऊ नये म्हणूनच मी भिंत ठेवली होती!"

"पण रिकामीच होती हो ती. आणि आपल्या फ्रेमा सगळ्या एका मापाच्या. दर वर्षी त्याच वापरतो. सगळ्यांचेच थोडे थोडे कापावे लागतात."

"म्हणजे टोपी आधी शिवायची आणि मग डोकं तासायचं? आणि हे एकाकी कोण? ही? हिच्याशी रोज रेडिओवरून भांडायला मी आहे घरात! फोटोमागे नाव लिहिलं होतं मी."

"'ताई मॅच ऐकते आहे'? ते काय नाव झालं, बाई? काही भावना नको?"

"भावना होती. तुम्ही ती कापलीत. तुकडा कुठे आहे?"

डॉक्टरांनी आधी पाहुण्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "कार्यक्रमानंतर बघू या." बाई हलल्या नाहीत. वर्गातला गोंगाट थांबेपर्यंत ज्या पद्धतीने त्या उभ्या राहायच्या, त्या पद्धतीने उभ्या राहिल्या. डॉक्टरांना शाळा आठवली असावी. त्यांनी मुकाट्याने मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

मागच्या खोलीत फरशीवर कात्रणांचा ढीग पडला होता. कुणाचं आभाळ, कुणाचे पाय, अर्धी बकरी, एका नदीचा पलीकडचा काठ. दरवर्षी एवढं जग कापून टाकत होते आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं! बाई खाली वाकल्या आणि रागाने उपसत सुटल्या. भिंत सापडली ती सगळ्यात तळाशी, गुंडाळी झालेली. तिरक्या सावल्या तशाच होत्या.

बाहेर येऊन त्यांनी ताईची फ्रेम उतरवली, मागचे खिळे वाकवून फोटो काढला, टेबलावर पालथा घातला, त्याला भिंत भिडवली आणि मागून चिकटपट्टी मारली. सगळी सभा बघत होती. जोडलेला फोटो कुठल्याच फ्रेमेत मावणार नव्हता, म्हणून त्या टाचण्या घेऊन फलकाकडे गेल्या. तिथे सूर्यास्ताने जागा अडवली होती.

"डॉक्टर, सूर्य सरकवा."

"अहो, तो नीट मापाने लावलाय—"

"सूर्यच आहे ना?" ताई म्हणाली. "ढळायची सवय असेल त्याला."

हशा पिकला. डॉक्टरसुद्धा हसले, सगळे दात दाखवून, आणि त्यांनी स्वतःच्या हाताने सूर्यास्त उचलून दाराआड नेला. बाईंनी फोटो टाचला. कडा जरा वळल्या होत्या. बाईंनी 'एकाकी वार्धक्य' फाडून पर्समध्ये टाकलं, दुसरी पाटी लिहिली आणि लावली: 'भिंतीसकट ताई'.

डॉक्टर लांबून बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "जोड दिसतोय पण, बाई. उभी चीर दिसते."

"दिसू दे. कापला होता हे कळायला हवं."

बाईंचा राग अजून निवला नव्हता. मागच्या खोलीतली बकरी डोळ्यांपुढून जात नव्हती, आणि पुढच्या रविवारी त्या एका मापाच्या फ्रेमांचं काय करायचं ते त्यांनी मनाशी ठरवूनही टाकलं होतं. ताई मात्र चार पावलं मागे जाऊन फोटो न्याहाळत होती.

"रंग द्यायला झालाय गं भिंतीला."

"ताई!"

"खरं तेच सांगते. पण उजेड छान आलाय."

तेवढ्यात चहा संपवून त्या दोन बायका परत आल्या. गेल्या वेळची चूक सुधारायची म्हणून की काय, अगदी फोटोला नाक लावून उभ्या राहिल्या आणि चेहऱ्यात काही शोधू लागल्या. बाई पुढे सरसावल्या, तोंड उघडणार, तोच ताईने त्यांना हाताने मागे सारलं. गर्दीतून वाट काढत ती थेट त्या बायकांपुढे गेली आणि वाकड्या तोंडाने, खणखणीत आवाजात म्हणाली,

"जरा बाजूला व्हाल का? भिंत झाकताय तुम्ही."