वायुगतिकी आणि दत्तूचा पंखा

एरोडायनॅमिक्स म्हणजे विमानाचं इंजिन, असं मी दत्तूला ठोकून दिलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवत होतो, हे विशेष.

दत्तू गेल्याला दीड महिना झाला. फोन आला तेव्हा रडू यायच्या आधी मला ही फजितीच आठवली... आम्ही एका वर्गातले. "ह्याला विज्ञानात गती न्हाई," म्हणून गुरुजींनी त्याला मागच्या बाकावर बसवलं, आणि मी त्याच्याच पाटीत डोकावून पास होत गेलो. पुढं मी मास्तर झालो, त्यानं जिंतूरला धान्य उफणायचे पंखे बनवायचं दुकान टाकलं. बरं चाललं होतं. पण सोयाबीन आलं आणि त्याच्या पंख्यातून भुसकटाबरोबर दाणेही उडायला लागले. गिऱ्हाईक बाहेरून आलेल्या पंख्यांकडं वळलं. दुकानाला कुलूप लागायची पाळी आली, तेव्हा त्या बाहेरच्या पंख्याच्या खोक्यावरचा हा शब्द कागदावर उतरवून तो माझ्याकडं आला होता.

"इंजिन?" तो म्हणाला. "मास्तर, त्याला तर हातानं फिरवायचा दांडा हाय!"

मग कुठं मी शब्दकोश उघडला. मूळ दोन ग्रीक शब्द. एक हवेसाठी, दुसरा बळासाठी. मराठीत वायुगतिकी.

"वायुगती की... की काय? पुढचं सांग की!"

"पुढं काही नाही रे. यांत्रिकीतला 'की' तो. शास्त्र म्हणून."

दत्तूनं तो शब्दही त्याच कागदावर लिहून घेतला. मग म्हणाला, "म्हंजे त्या लोकांनी हवेचं बळ बघितलं अन् आपल्यांनी तिची चाल. मी नुसतं बळच लावायलोय, मास्तर. चाल बघितलीच न्हाई."

इतकी वर्षं मी 'गती' हा शब्द फळ्यावर लिहून पुसत आलो. त्याच्या पोटात काय आहे ते पंखेवाल्यानं दाखवलं. पंधरा दिवस तो पत्र्याची पाती वाकवत बसला. मग भुसकट लांब आणि दाणे पायाशी पडायला लागले. पार पोखर्णीहून माणसं "दत्तूचाच पंखा द्या" म्हणत यायची. गती कुणाला होती, ते बघायला गुरुजी हवे होते...

परवा दुकानात गेलो. आता त्याची मुलगी रेखा काम बघते. नव्या पंख्यासमोर उदबत्ती लावलेली दिसली आणि मला भरून आलं. चप्पल काढली, डोळे मिटून हात जोडले.

"काका, पूजा न्हाई ती," रेखा म्हणाली. "धुरावरून वाऱ्याची चाल बघायलेय. बाबा असंच बघायचे. सरका बाजूला, तुमच्या पोटानं वारा अडायलाय."