रिठीतलं उखळ

आमच्याकडे ओसाड पडलेल्या गावाला रिठी म्हणतात. कागदावर तिचं नाव असतं, तलाठ्याकडे नकाशा असतो, फक्त माणसं नसतात. गोंदिया जिल्ह्याच्या जंगलात अशा कितीतरी रिठ्या झोपलेल्या आहेत, आणि त्यातल्या एकीत माझे बाबा जन्मले. तलावाची पाळ फुटली, धानाला पाणी उरलं नाही, तेव्हा लोक एकेक करून सडकेकडे सरकले आणि इथं नवं गाव झालं. जुनं गाव रानानं गिळलं.

बाबांची आई त्याआधीच गेली होती. बाबा तेव्हा अगदी लहान. त्यांच्यापाशी तिची एकच आठवण आहे: ती उखळात धान कांडते आहे, मुसळाबरोबर तिच्या बांगड्या वाजताहेत आणि ते शेजारी बसून कणी खाताहेत. दर अक्तीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घराच्या उंबरठ्यावर पितरांना पाणी देतात. कोरं मडकं आणायचं, पळसाच्या पानावर वडे-भात वाढायचा. बाबा सगळं यथासांग करायचे आणि मग दिवसभर तोंडात गुळणी धरून बसायचे. एकदा मी पिच्छाच पुरवला, तर म्हणाले, "तुह्या आजीनं हे घर पाह्यलंच नाही बाये. ती इथं कायले येईल? तिकडंच तहानेली बसली असंल."

इतका म्हातारा माणूस आईसाठी असा कासावीस होतो, हे मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि मला भरून आलं.

त्यानंतर आम्ही बापलेक दर अक्तीला रिठी शोधायला निघू लागलो; नकाशातल्या वाटा रानात उरल्याच नव्हत्या. मी आदल्या दिवशी गोंदियाहून यायची. नवरा म्हणायचा, "अक्षय तृतीया को लोग सोना खरीदते हैं, तुम खंडहर ढूँढो." शोधते तर शोधते, त्याचं काय जातं! खरं सांगायचं तर मला त्या रानाचं वेड लागलं होतं. वैशाखात साग उघडा पडतो, वाळल्या पानांवर ऊन सांडलेलं असतं आणि सगळीकडे इतकं शांत असतं की आपणच कुणाच्या तरी झोपेतून चाललो आहोत असं वाटतं. चालता चालता पायाखालची जमीन हातभर वर यायची, मग खाली जायची, थोड्या अंतरानं पुन्हा वर. मी अडखळायची. बाबा थांबून पायानंच चाचपायचे आणि म्हणायचे, "धुरा आहे." धुरा म्हणजे शेताचा बांध. आम्ही जंगलातून नाही, कुणाच्या तरी धानाच्या बांधीतून, खाचरातून चाललो होतो. धुऱ्यावर भलेथोरले साग उभे होते. मग मला चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बाया दिसायच्या, त्यांचं गाणं ऐकू यायचं, आणि बाबा ओरडायचे, "झोपली का वो? चाल ना!"

धुरा म्हटलं की बाबांचं आणखी एक आठवतं. आमच्या गल्लीत तीन घरं सोडून जे घर आहे, त्यांच्याशी आमचं बोलणं नव्हतं. रिठीत दोघांच्या बांधी लागून होत्या. त्यांच्या बापानं धुरा कोरला की माझ्या आजोबांनी, ते देव जाणे. गाव उठलं तेव्हा छपरांचे कवेलू फुटले, वासे-फाटे मोडले, भांडण तेवढं अखंड इथवर आलं. ज्या बांधीसाठी भांडण, तिच्यात आता रानडुकरं लोळतात. पण बाबा त्या घराकडे पाठ करूनच चहा प्यायचे.

आम्हाला गाव सापडलं ते गेल्या अक्तीला. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांची हाकाटी ऐकत आम्ही भलत्याच वाटेला लागलो आणि समोर फुटकी पाळ आली. पाळीच्या कडेकडेनं गेलो तर पायाखाली कवेलूंचे तुकडे करकरायला लागले. घरांच्या जागी मातीचे उंचवटे, त्यांवर झुडपं. आणि एका मोठ्या चिंचेखाली, पानांच्या ढिगात, जमिनीत पुरलेलं दगडाचं उखळ.

बाबा गुडघ्यांवर बसले. हातांनी पानं काढली, उखळाच्या आत बोटं फिरवली. आत दगड गुळगुळीत झाला होता. "हेच," ते म्हणाले, "हेच गा हेच." मग सोबत आणलेलं मडकं त्यांनी हळूहळू उखळात ओतलं आणि ते रडले. मीही रडले. चिंचेची सावली पाण्यात हलत होती. त्या दुपारी तिथून उठावंसंच वाटेना.

घरी आलो तर आत्या अंगणातच होती. बाबांची थोरली बहीण ती, अक्तीला माहेरी आलेली. रिठीचा विषय काढला की "मेलेलं गाव कायले उकरता?" म्हणून ती उठून जायची. पण त्या दिवशी बाबा चिंच म्हणाले, उखळ म्हणाले, आणि ती तिथंच बसून राहिली.

"चिंच आपली नव्हती गा," ती म्हणाली आणि तिनं बोलणं नसलेल्या त्या घराकडे हात केला. "चिंच त्याईची. उखळ बी त्याईचंच."

बाबा तिच्यासमोर येऊन बसले.

"आपलं उखळ तडकलं होतं. आपला बाप नवं आणतो म्हणे, आणेच नाही. मंग दुपारी माणसं बांधीत गेले का माय धानाची टोपली घेऊन मागच्या अंगानं त्याईच्या घरी जाये. तू तिच्या कडेवर, मी मागं. एका उखळात दोघी कांडत, एकीचं मुसळ खाली त एकीचं वर. हासत राहे दोघी. मले शपथ घातली होती, बापाले सांगशील त माहं मेलं तोंड पाहशील."

"म्हंजे," बाबा सावकाश म्हणाले, "माह्या मायचं पाणी म्या त्याच्या घरी सांडवून आलो?"

बाबा तसेच बसून राहिले. कुणी जेवायला बोलावलं तरी हलले नाहीत. उन्हं कलली तेव्हा त्यांनी खांद्यावर दुपट्टा टाकला आणि गल्लीत उतरले. मी मागोमाग. एक घर गेलं, दुसरं गेलं, तिसरं गेलं, आणि ते थांबले.

त्या घरचे काका पडवीत दावं वळत बसले होते. त्यांचे हात थांबले.

"जुन्या उखळावर पाणी देऊन आलो," बाबा उभ्यानंच म्हणाले. "माह्या मायच्या नावानं. पर थे उखळ तुमचं निघालं. माही माय अन् तुमची माय संगं कांडत म्हणे. आमची बहीण आज बोलली."

काकांनी दावं बाजूला ठेवलं.

"माही माय अक्तीले एक पान जास्त मांडे," ते म्हणाले. "कोणाचं म्हणून पुसलं, त माह्या सईचं म्हणे, मैतरणीचं. कोण सई, थे सांगे नाही. मरताना मले म्हणाली, थे पान सोडू नको. मी बी मांडत आलो, सालोसाल." त्यांनी उंबरठ्याकडे पाहिलं. "आता समजून राहिलं गा मले."

उंबरठ्याशी सकाळची पानं अजून होती. काकांनी त्यातल्या शेवटच्या पानाकडे बोट केलं. त्याच्या शेजारी पाण्याचा पेला होता.

"दर साली?" बाबांनी विचारलं.

"दर साली."

बाबा उंबरठ्यावर डोकं टेकून रडले, आणि काकांनी त्यांना उठवलं नाही.