काठाकाठानं सांगलीपर्यंत

कृष्णेच्या काठानं वाईपासून सांगलीपर्यंत चालत जायचं, असं मी आणि बायकोनं माझ्या निवृत्तीनंतर ठरवलं होतं. ती गेल्या वर्षी गेली. या जानेवारीत मी एकटाच निघालो.

माहुलीच्या संगमावरची देवळं पाहिली, कऱ्हाडला मुक्काम केला. "हे बघ" म्हणायला शेजारी कुणी नव्हतं. कुठं काठाला पायवाट असे, कुठं ऊस थेट पाण्यापर्यंत आलेला. मग बांधावरून वळसा घ्यायचा. दिवसभरात दोन-चार माणसं भेटत. सगळ्यांचा प्रश्न एकच, "एकटंच?"

बहे गावाच्या अलीकडं एका वस्तीवर पाणी मागितलं. म्हशीपाशी बसलेल्या म्हातारीनंही तेच विचारलं. मला कंटाळा आला होता. म्हटलं, "नाही, बायको मागून येतेय."

"मग टेका की. च्या ठेवते."

तिनं दोन कप ओतले. एकावर बशी झाकली आणि पायवाटेवर जाऊन डोळ्यांवर हात धरून उभी राहिली. बऱ्याच वेळानं परत आली. "आवं, कुठं दिसंनात त्या. उसात बिबट्या फिरतोय म्हंत्यात. थांबा, सुनंला धाडते."

सून पदर खोचत बाहेर आलीसुद्धा. तेव्हा मात्र सांगावंच लागलं.

"नका पाठवू. ती वारली. मी खोटं बोललो."

'वारली' हा शब्द वर्षभरात पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघाला होता. लोकांना कळवायचं काम मुलीनंच केलं होतं.

म्हातारी रागावेल असं वाटलं. ती समोर बसली, बशी काढली आणि गार झालेला चहा स्वतः प्यायली. मग म्हणाली, "कशी हुती?"

मी सांगत गेलो. नर्स होती. गाणी चुकीची म्हणायची. चालताना कायम माझ्या पुढं. ऊन कललं तरी म्हातारी "व्हय, व्हय" करत ऐकत होती.

पुढचे तीन दिवस कुणाशी धड बोलणं झालं नाही. सांगलीच्या घाटावर दुपारी पोचलो, पाण्यात पाय सोडून बसलो. पोचल्याचा आनंद होईल असं वाटलं होतं. भूक तेवढी लागली होती. मुलीला फोन लावला, ती कामात होती. स्टँडवर जाऊन साताऱ्याची एसटी धरली. पुलावरून नदी जरा वेळ दिसली, मग उसाआड गेली.