समुद्रासाठी शिवलेला गाऊन

फुलसावंगीचे उकंडा मुनेश्वर म्हणजे बायकांचे कपडे शिवणारे टेलर, हात असा की मापाला एकदा आलेली बाई दुसरीकडे जायची नाही. नावाचं म्हणाल तर त्यांच्या आधीची भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून त्यांच्या मायनं, धनीबाईनं, जन्मल्याबरोबर पोराला उकिरड्यावर, म्हणजे आमच्याकडच्या उकंड्यावर, लोळवलं आणि नावही तेच ठेवलं. मरणाला वाटावं, हा टाकून दिलेला जीव, याला नेऊन काय करायचं! पण तेवढ्यानं माऊलीचं समाधान होते काय? कोण्या शहाण्यानं तिच्या डोक्यात भरवलं की या पोराला पाण्याचं भय आहे. झालं! पोराला ना नदी, ना नाला. आंघोळसुद्धा तांब्यानं, तीही मायच्या डोळ्यांसमोर.

आता गंमत ऐका. हेच उकंडाभाऊ विहारात अंधश्रद्धेवर बोलायला उभे राहिले की भल्याभल्यांची बोलती बंद. "लिंबू कापून भलं होते काय रे? मंग लिंबाच्या बागवाल्याचं काहून नाही झालं?" आणि घोटाभर पाण्याचा नाला आडवा आला की कंबर धरल्याचं निमित्त तयारच समजा. माय जाऊन जमाना झाला, पण तिचं भय काही गेलं नाही, ते यांच्या हाडात मुरलेलं.

बायकोला, कौसल्याला, सगळं ठाऊक होतं. पण नवऱ्याची झाकली मूठ तिनं कधी उघडली नाही. तिचं माहेर पैनगंगेच्या काठचं. पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकलेली पोर ती, पुढं भोपळ्याशिवाय नदी पार करायची. लग्नानंतर एकदा नदीवर धुणं धुता धुता तिनं डुबकी मारली आणि वर येऊन पाहते तर नवरा काठावर पांढराफट्ट. त्या दिवशी माणूस जेवला नाही. कौसल्यानं पोहणं सोडलं ते सोडलंच. मनात मात्र एक राहून गेलं, की या माणसाचा हात धरून एकदा तरी पाण्यात उभं राहायचं.

त्यांची लेक मैत्रेयी पोर्ट ब्लेअरच्या टपाल कचेरीत लागली आणि तिनं आईबापाला अंदमान पाहायला बोलावलं. उकंडाभाऊ हरखले. "बेट पाहू, जेल पाहू, झाडं पाहू," ते म्हणाले. समुद्राचं नाव काही घेईनात. मग एका दुपारी त्यांनी निळं कापड मशिनीवर घेतलं.

"हे कायले?" कौसल्यानं विचारलं.

"तुह्यासाठी. समुद्रात जाजो ना तू. मैत्रेयी म्हणे, तिथं बाया पाण्यात जातात. साडी पायात येते. घेर मोठा ठेवतो, पाय मारता येतील."

कौसल्याला भरून आलं. ज्या माणसाला पाण्याच्या नावानं घाम फुटतो, तो आपल्याला पाण्यात पाठवायला कपडा शिवून राह्यला! तिनं चहा ठेवला.

बेटावर मैत्रेयीनं खूप दाखवलं. जेलच्या कोठड्यांचे गज उकंडाभाऊंनी हात लावून पाहिले. काचेच्या तळाच्या होडीत बसले तेव्हा खाली रंगीत मासे आणि पोवळ्याची बनं पाहून लहान लेकरासारखे ओरडले, "अवं, हा पाह्य, हा पिवळा! काठ तर पाह्य त्याचा, जरीचा हाये!" पाण्यावर बसायला त्यांची ना नव्हती. पाण्यात म्हटलं की कंबर.

शेवटी राधानगरचा किनारा. पांढरी रेती, मागं उंच झाडी, पाणी असं निळं की कौसल्याच्या अंगावरचा नवा गाऊन फिका पडावा. मैत्रेयी शहाळी आणायला गेली. कौसल्यानं हात पुढं केला. "येता काय?"

"तू जाय. मी चपला पाहतो."

आता तिथं चपला कोण चोरणार होतं, बाप्पा! कौसल्या एकटीच गेली, छातीइतक्या पाण्यात. आणि तिथंच टेलरची चूक बाहेर पडली. त्यांना पाण्यातल्या कपड्याची काय माहिती? घट्ट विणीचं कापड, घेर भलामोठा, बाजूला चीर एक नाही. आत हवा कोंडली आणि गाऊन फुगला, वर आला, तेवढ्यात लाट आली ती सगळा घेर बाईच्या डोक्यावर टाकून गेली. काठावरून नुसता निळा फुगा दिसे, कौसल्या कुठंच नाही.

उकंडाभाऊ ओरडले, "कौसल्ये!" आणि धावले. चपला, कंबर, माय, कशाकशाचं भान राहिलं नाही. माझ्याच शिलाईनं हिचा जीव जातो, एवढंच डोक्यात. पाणी गुडघ्याला लागलं, मांडीला लागलं, छातीला लागलं. त्यांनी दोन्ही हातांनी कापड ओढून खाली केलं.

आत कौसल्या. नाकातोंडात खारं पाणी, आणि हसून हसून बेजार.

"हसतं काय! चीर ठेवाले पाह्यजे होती," ते म्हणाले. "घेर कमी करतो. खाली वजन लावतो."

"लावा," कौसल्या म्हणाली. तिनं त्यांचा हात घट्ट धरला. ते कुठं उभे आहेत ते तिनं सांगितलं नाही. एक लाट आली, खांद्याला लागून गेली. तरी नाही सांगितलं.

"मले समजून राह्यलं वं," उकंडाभाऊ हळूच म्हणाले. "मी कुठं हाओ ते. तू बोलू नको."

मग त्यांचे डोळे वाहायला लागले. लाज सोडून रडले बिचारे, भर समुद्रात. "माय असती तर ओरडली असती वं."

"ओरडली असती," कौसल्या म्हणाली. "अन् मंग पदर खोचून तुमच्या मांगं पाण्यात आली असती. मले पोहता येते. दोघाईले धरलं असतं मी."